वाहन मालकी हस्तांतरण

वाहन मालकी हस्तांतरण म्हणजे नोंदणीकृत मोटार वाहनाची मालकी एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे गेल्याची परिवहन कार्यालयाच्या दप्तरी होणारी नोंद. बोलीभाषेत यास 'गाडी नावावर करणे' असे म्हणतात. भारतात वाहनाचे स्वतंत्र मालकीपत्र दिले जात नाही. नोंदणी प्रमाणपत्र (आरसी) हाच मालकीच्या नोंदीचा मुख्य दस्तऐवज मानला जातो.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी विक्रेता नमुना २९ व खरेदीदार नमुना ३० भरतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारस नमुना ३१ मध्ये अर्ज करतो. वाहनावर कर्जाचा बोजा असल्यास वित्तपुरवठादाराची संमती लागते. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ वापरतात.

ऑनलाइन अर्ज

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या 'वाहन' प्रणालीवर परिवहन संकेतस्थळामार्फत हा अर्ज करता येतो. वाहन क्रमांक व सांगाडा (चेसिस) क्रमांकाचे शेवटचे पाच अंक भरल्यावर नोंदणीकृत भ्रमणध्वनीवर एकवेळचा संकेतांक (ओटीपी) येतो. त्यानंतर सेवा निवडून खरेदीदाराचा तपशील भरला जातो व शुल्क ऑनलाइन जमा केले जाते. भ्रमणध्वनी क्रमांक जुना वा चुकीचा असल्यास तो आधी अद्ययावत करावा लागतो. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने आधार पडताळणीवर आधारित १८ संपर्करहित सेवा अधिसूचित केल्या. त्यांत हस्तांतरणाची सूचना व अर्ज यांचा समावेश होता.

सातारा व सांगली

सातारा कार्यालयाचा नोंदणी संकेत एमएच-११, सांगलीचा एमएच-१० व सातारा जिल्ह्यातील कराडचा एमएच-५० आहे. राज्यांतर्गत हस्तांतरणात वाहन क्रमांक बदलत नाही. त्यामुळे साताऱ्याचे वाहन सांगलीत विकले गेले तरी त्यावरील एमएच-११ हा संकेत कायम राहतो. सांगली जिल्ह्याची सीमा कर्नाटकास लागून आहे. मिरज वा जत तालुक्यातील वाहन कर्नाटकात विकल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आवश्यक असते. अशा वेळी विक्रेत्यास कळवण्यासाठी ४५ दिवसांची मुदत असते.

नोंद न केल्याचे परिणाम

व्यवहाराची रक्कम व किल्ली दिल्याने विक्रेत्याचे उत्तरदायित्व संपत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या खटल्यात वाहन एकामागून एक अनेकांना विकले गेले होते. मात्र दप्तरी पहिल्याच मालकाचे नाव होते. अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.