ओसामा बिन लादेनचा मृत्यू : जगभरातील जनतेच्या प्रतिक्रिया

अल-कायदा या दहशतवादी संघटनेचा संस्थापक ओसामा बिन लादेन २ मे २०११ रोजी मध्यरात्रीनंतर पाकिस्तानातील अबोटाबाद येथे अमेरिकी नौदलाच्या विशेष पथकाने केलेल्या कारवाईत मारला गेला. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या ज्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार लोक मृत्युमुखी पडले, त्यांना त्या वेळी साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या वृत्ताने काही शहरांत जल्लोष झाला, काही ठिकाणी शांतपणे प्रार्थना झाल्या, तर काही ठिकाणी निषेधाचे मोर्चे निघाले. या प्रतिक्रिया एकत्र पाहिल्या असता असे दिसते की, प्रत्येक समाजाने या मृत्यूकडे स्वतःच्या दुःखाच्या आणि भीतीच्या संदर्भातच पाहिले.

कारवाई आणि घोषणा

अबोटाबाद हे खैबर पख्तुनख्वा प्रांतातील लष्करी छावणीचे शहर आहे. काकुल येथील पाकिस्तानी लष्करी प्रबोधिनीपासून दीड किलोमीटरच्या आत, उंच भिंतींनी वेढलेल्या घरात बिन लादेन कुटुंबीयांसह राहत होता. सुमारे ४० मिनिटे चाललेल्या कारवाईत तो, त्याचा एक मुलगा, त्याच्यासाठी काम करणारे दोघे भाऊ आणि एक महिला असे पाच जण ठार झाले. त्याचा मृतदेह ‘कार्ल विन्सन’ या विमानवाहू जहाजावर नेऊन अरबी समुद्रात सोडण्यात आला. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी दूरचित्रवाणीवरून ही घोषणा केली, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये १ मेची रात्र होती. ‘न्याय झाला आहे’ असे त्यांनी या भाषणात सांगितले.

अमेरिका : जल्लोष आणि सुटकेची भावना

घोषणेपूर्वीच वृत्त पसरू लागले होते आणि व्हाईट हाऊससमोर लोक जमू लागले होते. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. २००१ मध्ये ही मुले शाळेत होती आणि त्यांचे सारे वाढते वय दहशतवादविरोधी युद्धाच्या छायेत गेले होते. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स चौकात आणि जुळे मनोरे जेथे उभे होते त्या जागेपाशी राष्ट्रध्वज घेऊन लोक एकत्र आले. फिलाडेल्फियात न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध बेसबॉलचा सामना सुरू होता. मोबाइल फोनवरून बातमी पोहोचताच दोन्ही संघांच्या समर्थकांनी ‘यूएसए’ असा एकच घोष केला.

जनमत चाचणीतून मात्र अधिक संयत चित्र समोर आले. प्यू संशोधन केंद्र आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी २ मे रोजी घेतलेल्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी सुटकेची भावना व्यक्त केली, ६० टक्के लोकांना अभिमान वाटला आणि ५८ टक्के लोकांना आनंद झाला. भीती वाटत असल्याचे १६ टक्के लोकांनी सांगितले. हल्ल्यांत आप्तस्वकीय गमावलेल्यांपैकी अनेकांनी समाधान व्यक्त करतानाच, गेलेली माणसे यामुळे परत येणार नाहीत, याकडे लक्ष वेधले. ओबामा यांनी ५ मे रोजी हल्ल्याच्या जागी पुष्पचक्र वाहिले. तेथे त्यांनी भाषण केले नाही. ज्या अग्निशमन केंद्राचे १५ जवान २००१ च्या हल्ल्यात मरण पावले होते, त्या केंद्रालाही त्यांनी भेट दिली.

केनियाची आठवण

७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकी दूतावासांबाहेर झालेल्या स्फोटांत २२४ जणांचा बळी गेला. त्यांत अमेरिकी नागरिक १२ होते; उर्वरित बहुतेक सर्व आफ्रिकी नागरिक होते. केनियाचे तत्कालीन अध्यक्ष म्वाई किबाकी यांनी, या कारवाईमुळे आपल्या मृत नागरिकांना न्याय मिळाल्याचे म्हटले. अल-कायदाच्या हिंसेची झळ ११ सप्टेंबरच्या आधीपासून आणि अमेरिकेबाहेरही बसली होती, हे या प्रतिक्रियेतून पुन्हा अधोरेखित झाले.

पाकिस्तान : संताप, अविश्वास आणि किंमत

पाकिस्तानात बिन लादेनच्या मृत्यूपेक्षा कारवाईच्या पद्धतीविषयी अधिक चर्चा झाली. परकीय हेलिकॉप्टर देशात शिरून परत कसे गेले, आणि जगाला हवा असलेला माणूस लष्करी छावणीच्या शहरात वर्षानुवर्षे कसा राहिला, हे दोन प्रश्न लोक एकाच वेळी विचारत होते. संसदेच्या संयुक्त अधिवेशनाने १४ मे रोजी अमेरिकेच्या एकतर्फी कारवाईचा निषेध करणारा ठराव केला. प्यू केंद्राने त्याच महिन्यात घेतलेल्या पाहणीत ६३ टक्के पाकिस्तानी नागरिकांनी कारवाईबद्दल नापसंती दर्शवली. १० टक्के लोकांनी तिला पसंती दिली. क्वेट्टा शहरात निदर्शने झाली, तर कराचीत जमात-उद-दावाच्या समर्थकांनी गायबाना नमाज, म्हणजे मृताच्या अनुपस्थितीतील अंत्यप्रार्थना केली.

या मृत्यूची किंमतही प्रथम सामान्य पाकिस्तानी कुटुंबांनाच मोजावी लागली. १३ मे रोजी शबकदर येथे प्रशिक्षण संपवून सुटीवर घरी निघालेल्या निमलष्करी दलाच्या तरुणांवर आत्मघाती हल्ला झाला आणि त्यात ८० हून अधिक जण ठार झाले. बिन लादेनच्या मृत्यूचा हा सूड असल्याचे पाकिस्तानी तालिबानने जाहीर केले. त्याचा ठावठिकाणा शोधण्यासाठी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने एका डॉक्टरमार्फत लसीकरणाची बनावट मोहीम राबवल्याचे पुढे उघड झाले. त्यामुळे लसीकरणाविषयी आधीच असलेला संशय वाढला. डिसेंबर २०१२ मध्ये कराची आणि पेशावर परिसरात पोलिओची लस देणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांची हत्या झाली.

भारत : २६ नोव्हेंबरचा संदर्भ

भारताचे तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी या कारवाईचे स्वागत करून, ते पुढे टाकलेले महत्त्वाचे पाऊल असल्याचे म्हटले. तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी, निरनिराळ्या संघटनांचे दहशतवादी पाकिस्तानात आश्रय घेतात याकडे लक्ष वेधले आणि मुंबई हल्ल्याच्या सूत्रधारांना अजूनही तेथे थारा मिळत असल्याचे सांगितले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या त्या हल्ल्यात १६६ जण मृत्युमुखी पडले होते. त्यामुळे अबोटाबादची बातमी ऐकताच आपल्या गुन्हेगारांचे काय, हा प्रश्न मुंबईत आणि देशभर विचारला जाणे स्वाभाविक होते. काश्मीरमध्ये फुटीरतावादी नेते सय्यद अली शाह गिलानी यांनी बिन लादेनसाठी गायबाना नमाजचे आवाहन केले, ही या चित्राची दुसरी बाजू होती.

मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेला अजमल कसाब याच्यावर खुला खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली. या कटातील आरोपी तहव्वुर राणा याला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या स्वाधीन केले. न्यायालयाचा हा मार्ग दीर्घ आहे; परंतु त्यात पुरावे, साक्षी आणि कटाचे तपशील लोकांसमोर नोंदवले जातात.

आनंद मानावा का?

एखाद्याच्या मृत्यूवर, तो कितीही क्रूर असला तरी, जल्लोष करावा का, याविषयी अनेक देशांत चर्चा झाली. व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी, ख्रिस्ती माणूस कोणाच्याही मृत्यूने आनंदित होत नाही, अशी भूमिका मांडली. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी बिन लादेनला ठार करण्यात यश आल्याबद्दल आनंद व्यक्त केला, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली आणि हॅम्बुर्ग येथील एका न्यायाधीशाने त्यांच्याविरुद्ध फौजदारी तक्रारही केली. गाझामध्ये हमासचे नेते इस्माईल हनिया यांनी या हत्येचा निषेध केला, तर पॅलेस्टिनी प्राधिकरणाने तिचे स्वागत केले. कैरो येथील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुखांनी समुद्रातील दफनाला धार्मिक आधारावर आक्षेप घेतला.

कायद्याच्या अंगानेही प्रश्न उपस्थित झाले. बिन लादेनने प्रतिकार केला, असे आरंभी सांगितले गेले. तो निःशस्त्र होता, हे व्हाईट हाऊसने दुसऱ्याच दिवशी मान्य केले. त्याला जिवंत पकडून खटला चालवणे शक्य होते का, असे विचारले जाऊ लागले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारविषयक तज्ज्ञांनी कारवाईचे तपशील जाहीर करण्याची मागणी केली. मृतदेहाची छायाचित्रे प्रसिद्ध न करण्याचा निर्णय ओबामा यांनी घेतल्यामुळे अफवांना वाव मिळाला. तथापि ६ मे रोजी अल-कायदानेच आपल्या नेत्याच्या मृत्यूला दुजोरा दिला.

पुढील वर्षे

जून २०११ मध्ये आयमन अल-जवाहिरी याने संघटनेची सूत्रे हाती घेतली. ३१ जुलै २०२२ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोन हल्ल्यात तोही मारला गेला. या वेळी अमेरिकेत २०११ सारखी गर्दी रस्त्यांवर उतरली नाही. मधल्या काळात इस्लामिक स्टेट ही अधिक क्रूर संघटना उदयास आली होती आणि अफगाणिस्तानात तालिबान पुन्हा सत्तेवर आले होते. नेता मारला गेल्याने संघटना दुबळी होते, परंतु दहशतवाद संपतोच असे नाही, हे लोकांनी अनुभवले होते.

बिन लादेनवर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही. आपल्या माणसांना नेमके कोणी, कसे आणि कशासाठी मारले, याचे उत्तर त्याच्या तोंडून नोंदवून घेण्याची संधी त्याच्याबरोबरच संपली. २०११ च्या त्या रात्री अनेक कुटुंबांना सुटका वाटली, पण समाधान पूर्ण झाले नाही, यामागील एक कारण हेही होते.