दुरुस्तीच्या टेबलावरील विलग रोहित्र

खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर, बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत दोन प्रकारची दुकाने हमखास आढळतात. एक, शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींचे रिवाइंडिंग करून देणारे; दुसरे, टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारे. दुसऱ्या दुकानातील कारागिराच्या जिवाला असलेला एक मोठा धोका पहिल्या दुकानातील कारागीर कमी करू शकतो. त्यासाठी लागणाऱ्या साधनाचे नाव आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, अर्थात विलग रोहित्र.

धोका कोठे आहे?

वस्तीला वीज पुरवणाऱ्या डीपीपाशी न्यूट्रल तार जमिनीत जोडलेली असते. म्हणूनच फेज आणि न्यूट्रल यांच्यात जसा २३० व्होल्टचा दाब असतो, तसाच तो फेज आणि जमीन यांच्यातही असतो. ओलसर फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात केवळ फेजला लागला तरी विद्युतमंडल त्याच्या शरीरातून आणि जमिनीतून पूर्ण होते. शरीराचा रोध १५०० ओहम धरला, तर वाहणारा प्रवाह दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास जातो. माणसाच्या संरक्षणासाठी बसवलेला गळती-रोधक स्विच ३० मिलिअँपिअरवर तुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

आजच्या उपकरणांत स्विच-मोड पद्धतीचा वीजपुरवठा असतो. त्यात घरगुती वीज प्रथम थेट डायोडच्या पुलावर येते आणि सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो. या भागाची ऋण बाजू ‘ग्राउंड’ म्हणून ओळखली जात असली, तरी ती जमिनीशी जोडलेली नसते. प्लग कसाही लावला तरी प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या काळात ती फेजच्याच दाबावर असते. ऑसिलोस्कोपची क्लिप मात्र अर्थला जोडलेली असते. ती या ‘ग्राउंड’ला लावताच शॉर्टसर्किट होऊन सेट, स्कोप किंवा दोन्ही निकामी होऊ शकतात. यावर उपाय म्हणून काही जण स्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. त्यामुळे स्कोपचा धातूचा भागच फेजवर येतो आणि धोका वाढतो.

तत्त्व

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की, लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या एका वेटोळ्यातील प्रवाह बदलला, की स्पर्श नसलेल्या दुसऱ्या वेटोळ्यातही वीज निर्माण होते. विलग रोहित्रात प्राथमिक आणि दुय्यम वेढ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. दाब तोच राहतो. तुटते ते जमिनीशी असलेले नाते. दुय्यम बाजूच्या कोणत्याही एकाच तारेला हात लागला तर प्रवाहाला परतीचा मार्ग मिळत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रब्बी हंगामात पंप एकाच वेळी चालू होऊन दाब उतरतो, म्हणून ग्रामीण भागात स्टॅबिलायझर घरोघरी असतात. स्टॅबिलायझर आणि डिमरस्टॅट यांच्यात साधारणपणे एकच सामाईक वेटोळे असते. ते दाब कमी-जास्त करतात, विलग करत नाहीत. दुकानातील सिरीज बल्बही प्रवाहाला मर्यादा घालतो, पण माणसाला जमिनीपासून तोडत नाही. ही साधने उपयुक्त आहेत. मात्र त्यांचे काम वेगळे आहे.

रचना आणि आकडे

टीव्ही आणि तत्सम कामासाठी ३०० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र पुरेसे होते. गाभ्याचे क्षेत्रफळ काढण्याचा कारागिरांचा नियम सोपा आहे : क्षमतेच्या वर्गमुळाला १.१५ ने गुणावे. ३०० चे वर्गमूळ १७.३, म्हणजे सुमारे २० चौरस सेंटीमीटर. मधला दांडा ५ सेंटीमीटर रुंद असलेल्या स्टॅम्पिंगची सव्वाचार सेंटीमीटर थप्पी केली की हे माप जमते. ५० हर्ट्झला आणि १.१ टेस्ला चुंबकीय घनतेला एका व्होल्टमागे सुमारे २.०५ वेढे लागतात. त्यानुसार प्राथमिक वेढे ४७०, तर भारामुळे होणारी दाबाची घट भरून काढण्यासाठी दुय्यम वेढे पाच टक्के अधिक, म्हणजे ४९५ घ्यावेत. प्रवाह १.३ अँपिअर असल्याने २१ गेजची, म्हणजे ०.८१ मिलिमीटर जाडीची तांब्याची एनॅमल तार योग्य ठरते.

खरी कसोटी दोन वेटोळ्यांमधील विलगतेची आहे. ती एकावर एक न गुंडाळता मध्ये पडदी असलेल्या बॉबिनच्या दोन कप्प्यांत शेजारी-शेजारी गुंडाळणे उत्तम. एकावर एक गुंडाळायचीच झाल्यास मध्ये पॉलिस्टर फिल्मचे किमान तीन थर कडेपर्यंत द्यावेत. शेवटी वॉर्निश देऊन भट्टीत वाळवावे.

नवे वाइंडिंग शक्य नसेल, तर २३० व्होल्टचे २४ व्होल्ट करणारे दोन एकसारखे, १० अँपिअरचे ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्टच्या बाजूंनी एकमेकांना जोडावेत. त्यांची क्षमता २४० व्होल्ट-अँपिअर भरते. दोन ठिकाणी घट होत असल्याने अंतिम दाब २३० पेक्षा बराच कमी मिळतो. पण बहुतेक स्विच-मोड पुरवठे त्यावर चालतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील ट्रान्सफॉर्मर मात्र यासाठी घेऊ नये, कारण त्याच्या उच्चदाब वेटोळ्याचे एक टोक गाभ्यालाच जोडलेले असते.

जोडणी आणि तपासणी

प्राथमिक बाजूला दोन्ही तारा तोडणारा स्विच आणि २ अँपिअरचा सावकाश वितळणारा फ्यूज, तर दुय्यम बाजूला १.२५ अँपिअरचा फ्यूज असावा. गाभा आणि धातूची पेटी यांना अर्थ द्यावी. दुय्यम वेटोळ्याला मात्र कधीही देऊ नये. दुय्यम सॉकेटच्या अर्थच्या पिनेलाही तार जोडू नये, अन्यथा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. घाटाखालच्या तालुक्यांत काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यात त्या दिवसांत पाणी घातले नाही, तर अर्थ केवळ नावापुरती उरते.

वीज जोडण्यापूर्वी वाइंडिंगच्या दुकानातील ५०० व्होल्टच्या मेगरने दोन वेटोळ्यांमधील, तसेच प्रत्येक वेटोळे आणि गाभा यांच्यातील रोध पाहावा. तो १० मेगओहमपेक्षा कमी भरल्यास रोहित्र वापरू नये. पुरवठा सुरू केल्यावर दुय्यम बाजूची एक तार आणि अर्थ यांच्यामध्ये १५ वॅटचा साधा, तारेचा बल्ब लावावा. नंतर दुसऱ्या तारेचीही तशीच परीक्षा करावी. दोन्ही वेळा बल्ब मुळीच पेटता कामा नये. डिजिटल मीटर मात्र येथे दहा-वीसपासून शंभर व्होल्टपर्यंत काहीही दाखवू शकतो. वेटोळ्यांमधील धारितेमुळे दिसणारा तो आभासी दाब असतो.

मर्यादा

हे रोहित्र केवळ जमिनीमार्गे बसणारा धक्का टाळते. दुय्यम बाजूच्या दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला, तर २३० व्होल्टचा पूर्ण धक्का बसतो. अशा वेळी आधी बसवलेला गळती-रोधक स्विचही तुटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने गळती झालेलीच नसते. वीज बंद केल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टचा भार टिकून राहू शकतो. तो रोधकातून उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात घालावा. एका रोहित्रावर एका वेळी एकच उपकरण ठेवावे, कारण दोन उपकरणांच्या चासीमध्ये धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो. विलग करायचे ते दुरुस्तीचे उपकरण. स्कोप नेहमीच्या, अर्थ असलेल्या सॉकेटवरच राहू द्यावा. जुना कारागीर एक हात खिशात ठेवून मोजमाप घेतो. विलग रोहित्र आले तरी ती सवय सोडण्याचे कारण नाही.