मुंबईत मुद्रित झालेले एक रॉक संगीत

जबलपूर शहराच्या ज्या भागात मी राहतो, त्याचे नाव कांचघर. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाविषयी बोलावयाचे असले म्हणजे हे नाव मला फार सोयीचे वाटते. कारण प्रत्येक मुद्रणगृहात एक कांचघर असतेच. काचेच्या एका बाजूस वादक बसतात, दुसऱ्या बाजूस यंत्रापुढे तंत्रज्ञ बसतो. सरोद किती जवळ असावा, पखवाज किती दूर, शहनाईने कोणावर मात करावी आणि कोणाला वाट द्यावी, याचा निवाडा या दुसऱ्या बाजूला होतो. त्यालाच ध्वनिमिश्रण म्हणतात. तबकडी ही गायनवादनाची छायाप्रत आहे अशी आपली साधारण समजूत असते. वस्तुतः ती एका निवाड्याची नक्कल असते.

रॉक संगीताने या निवाड्याला कलेची प्रतिष्ठा दिली. बीटल्स या इंग्रज वादकवृंदाची 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली लंडनच्या ॲबी रोड येथील मुद्रणगृहात तयार झाली. तेथे चार ट्रॅकचे, म्हणजे एकाच फितीवर चार स्वतंत्र पट्ट्या असलेले, यंत्र होते. त्या मुद्रिकेचे एककर्णी मिश्रण वादकांनी स्वतः उपस्थित राहून, आठवडेच्या आठवडे खर्चून करविले. स्टिरिओ मिश्रण मात्र थोड्या दिवसांत तंत्रज्ञांवर सोपविले. पुढे जगात जी अधिक ऐकली गेली ती ही दुसरी. मुद्रिका बाजारात येण्यापूर्वी, १९ मे १९६७ रोजी, त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनी आपल्या घरी वृत्तपत्रप्रतिनिधींना बोलावून ती ऐकविली. नाटकाच्या रंगीत तालमीस समीक्षकांनी यावे, तसाच हा प्रकार.

या वृंदातील सर्वांत तरुण वादक जॉर्ज हॅरिसन. पंडित रविशंकर यांच्याजवळ सतार शिकण्यासाठी तो १९६६ साली मुंबईस येऊन गेला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो मुद्रणासाठी. जो मासो या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाला त्याला पार्श्वसंगीत द्यावयाचे होते. वय वर्षे चोवीस. हातात काय, तर प्रसंगांच्या लांबीची टिपणे! चित्रपट पाहताना थांबते घड्याळ लावून त्याने प्रत्येक दृश्याची मिनिटे व सेकंदे मोजून ठेवली होती.

स्थळ होते फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता रस्त्यावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारत. तेथे एचएमव्ही कंपनीचे मुद्रणगृह होते. ही कंपनी व ॲबी रोड या दोहोंची मालकी एकाच इंग्रज कंपनीची; परंतु धाकट्या घरातली भांडी थोरल्या घरासारखी नसतात. मुंबईत होते ते एका ट्रॅकचे यंत्र. तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे अवजड यंत्र आगगाडीने मुंबईस आणले. कलकत्ता ते मुंबई असे दोन लोहमार्ग आहेत, एक नागपूरवरून आणि दुसरा अलाहाबाद-जबलपूरवरून. यंत्र कोणत्याही वाटेने गेलेले असो, मराठी वस्तीच्या दारावरूनच गेले. जबलपूरकर या नात्याने मी अर्थातच आमच्या मार्गाचा पक्षपाती आहे. १८७० साली दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ जबलपुरास जोडले गेले तेव्हाच तर ही दोन महानगरे प्रथम लोहमार्गाने सांधली गेली. शिवाय याच मार्गावर मैहर लागते. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे मैहर. रविशंकर त्यांचे शिष्य, आणि या मुद्रणात सरोद वाजविणारे आशिष खाँ त्यांचे नातू. हॅरिसनच्या सतारीची कुळकथा शोधू गेल्यास ती कटनी-सतना यांमधल्या या लहानशा गावी येऊन थांबते.

मुद्रणगृहात जमलेली मंडळी कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. संतूरवर शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य व शंकर घोष, तबला व पखवाजावर महापुरुष मिश्र, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम व तबलातरंगावर रिजराम देसाद. आपल्याला ओळखीची वाटतील अशी दोन आडनावेही त्या यादीत आहेत: बासरीवर एस. आर. केंकरे आणि सूरबहारवर चंद्रशेखर नारिंगरेकर. रागाचा विस्तार तासभर करणाऱ्या वादकांना येथे मिनिट-दीड मिनिटांचे तुकडे वाजवावयाचे होते. यात त्यांचा अपमान झाला असे मानणारे रसिक आहेत. मला तसे वाटत नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीने आपल्या गवयांना तीन मिनिटांत राग उभा करावयास पूर्वीच शिकविले होते. चित्रपटांच्या मुद्रणात तर सारा वृंद एकदम वाजत असे, आणि मायक्रोफोनपासून कोणी किती अंतरावर बसावे यावरच स्वरांचे वजन ठरे. ती विद्या मुंबईत मुरलेली होती.

आणि येथेच मला या प्रसंगाचे खरे महत्त्व दिसते. दोन ट्रॅकवर सात-आठ वाद्ये एकत्र घेतली की ती पुढे कोणाला वेगळी करता येत नाहीत. लंडनचा तंत्रज्ञ ती फीत कापू शकतो, जोडू शकतो, तिच्यावर आणखी काही चढवू शकतो. परंतु संतूर मागे सारून बासरी पुढे आणणे त्याच्या हाती उरत नाही. म्हणजे ज्याला आपण मिश्रण म्हणतो त्याचा मोठा भाग फोर्टमधल्या त्या खोलीतच, वादकांच्या बैठकीने आणि त्यांच्याच कानांनी, आधी पुरा झालेला होता. सरोदाचा एक तुकडा तर असा आहे की आशिष खाँ यांनी प्रथम एक सरोद वाजविला आणि मग तो ऐकत त्यावर दुसरा चढविला. एकट्या माणसाची ती जुगलबंदी! या मुद्रणांचे सारे श्रेय ॲबी रोडच्या खात्यावर जमा करण्याची जी रीत पडली आहे, ती हिशेबाच्या दृष्टीने चुकीची आहे.

मुद्रणगृहाच्या भिंती मात्र बाहेरचा आवाज अडविण्यास असमर्थ होत्या. हॅरिसनने पुढे सांगितले आहे की काही तुकडे लक्षपूर्वक ऐकले तर रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात. आणि सायंकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिने उतरणाऱ्या पावलांचा धडधडाट आत येई, म्हणून काम थांबवावे लागे. आम्हा कचेरीतल्या माणसांचा रॉक संगीताच्या इतिहासाला लागलेला हा बहुधा एकमेव हात. हात कसला, पायच.

ठरलेले तुकडे संपले आणि थोडी फीत व थोडा वेळ उरला. त्यात हॅरिसनने एका गीताचे वाद्यसंगीत मुद्रित करून घेतले. केंब्रिजला संस्कृत शिकविणारे स्पेनचे हुआन मास्कारो यांनी त्याला लाओत्सूच्या एका वचनाकडे लक्ष वेधणारे पत्र लिहिले होते. त्यावर हे गीत बेतले होते. नाव 'दि इनर लाइट'. फेब्रुवारीत लंडनला ती फीत चार ट्रॅकवर उतरवून त्यावर हॅरिसनचा आवाज चढविण्यात आला, आणि १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना' या गीताच्या मागील बाजूस ते प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या दोन गीतांच्या छोट्या तबकडीवर हॅरिसनच्या रचनेला मिळालेले हे पहिले स्थान, आणि त्यातले वाद्यवादन मुंबईचे.

चित्रपटाचे संगीत समीक्षकांपुढे प्रथम आले ते १७ मे १९६८ रोजी, फ्रान्समधील कान महोत्सवात. हॅरिसन स्वतः हजर होता. परंतु पॅरिस तेव्हा संप व विद्यार्थ्यांच्या उठावाने पेटलेले होते. दोनच दिवसांनी, १९ मे रोजी, महोत्सवच बंद करावा लागला. अशा गदारोळात पखवाजाकडे कोण लक्ष देणार? चित्रपट मागे पडला. 'वंडरवॉल म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका १ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनला निघाली. बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल संस्थेची ती पहिली दीर्घ मुद्रिका, आणि त्या चौघांपैकी एकाने स्वतःच्या नावावर काढलेलीही पहिलीच.

२०१४ साली ती नव्याने प्रसिद्ध झाली तेव्हा तिला एक पुरवणी जोडण्यात आली. तीत 'दि इनर लाइट'चे आवाज न चढविलेले, केवळ वाद्यांचे मुद्रण आहे. त्याच्या आरंभी मुद्रणगृहातील बोलणे ऐकू येते, आणि मग सारी मंडळी एकदम वाजवू लागतात.