बुलढाणा जिल्ह्यांतील जुनीं जलस्थानें व जनावरांचा उन्हाळा

वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हांत पाळीव जनावरांचें रक्षण आपले पूर्वज कोणत्या रीतीनें करीत, या प्रश्नाकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. वतनें व लढाया यांच्या कागदांत हा विषय क्वचितच येतो. परंतु दगडांत तो आला आहे, असें आमचें मत आहे. बुलढाणा जिल्ह्यापुरता त्याचा थोडा विचार येथें करितों.

प्रथम ग्रंथाधार पाहूं. वापी, कूप व तडाग यांची गणना धर्मशास्त्रांत पूर्तधर्मांत केलेली आहे. म्हैसुरास इ. स. १९०५ त शामशास्त्र्यांच्या हातीं आलेल्या व १९०९ त छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या गोध्यक्षप्रकरणांत, जेथें उतार सम असेल आणि चिखल व मगर नसतील तेथेंच गुरें पाण्यांत उतरवावीं, असा नियम आहे. म्हणजे पाणी असणें पुरेसें नव्हे. जनावरास तेथपर्यंत सुखानें पोंचतां आलें पाहिजे. हीच कसोटी आम्ही पुढें लावितों.

सिंदखेडराजा येथें, लखुजी जाधवरावांच्या गांवीं, पुतळा बारव, मोती तलाव व चांदणी तलाव हीं स्थळें प्रसिद्ध आहेत. बारवेच्या पायऱ्या मनुष्यासाठीं आहेत. बैल वा म्हैस त्या उतरूं शकत नाहीं. अशा ठिकाणीं पाणी वर ओढून दगडी डोणींत किंवा हाळांत ओतल्यावांचून गुरांची तहान भागत नाहीं. तलावाचें तसें नाहीं. म्हशीचें कातडें काळें व घर्मग्रंथी थोड्या असल्यामुळें तिला पिण्याइतकीच डुंबण्याचीही गरज असते, आणि ती तलावच भागवितो. कुत्र्यासही अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तो अंगांतील उष्णता बाहेर टाकितो. त्यास सावली व पाण्याचें पसरट भांडें एवढें पुरतें.

पाण्याच्या गुणाचाही विचार केला पाहिजे. लोणारच्या सरोवराचें पाणी क्षारयुक्त, पिण्यास अयोग्य. परंतु त्याच्याच कांठावर धारेचें गोड पाणी अखंड वाहतें. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांत शेगांव, संग्रामपूर व जळगांव जामोद या बाजूस खारपाणपट्टा आहे. तेथें विहीर असूनही तहान राही. अशा प्रदेशांत इ. स. १८९९–१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडांतील गुरांचा मोठा संहार केला, यांत नवल नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. बारवेवरील मूर्तींचीं वर्णनें लिहिलीं जातात, मापें घेतलीं जातात; बाहेर पडलेल्या डोणीकडे कोणी पाहत नाहीं. विहिरीवर पंप बसला कीं मोट जाते, आणि मोटेबरोबर डोणही निरुपयोगी ठरून मातींत बुजते किंवा बांधकामांत जाते. असें झालें म्हणजे त्या जलस्थानाच्या उपयोगाचा अर्धा पुरावा नष्ट होतो, व उरलेल्या अर्ध्यावरून तें केवळ मनुष्यांसाठींच होतें असा चुकीचा सिद्धांत निघतो.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति कीं, त्यांनीं आपल्या गांवच्या डोणीची लांबी, रुंदी व खोली नोंदवून ठेवावी, आणि दप्तरें चाळतांना पाणवठ्याचे तंटे व पाळ्या यांचे कागद बाजूस टाकूं नयेत. मुक्या प्राण्यांनीं आपला इतिहास लिहिला नाहीं. तो याच साधनांतून लिहावा लागेल.