न डागाळणारे पोलाद आणि त्याची निगा : मोटारीच्या एक्झॉस्टच्या निमित्ताने

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुतेक वेळा शोधांचा इतिहास म्हणून शिकवला जातो. अमुक साली अमुक व्यक्तीने अमुक वस्तू शोधली, की प्रकरण संपते. वस्तू वापरात आल्यावर तिची निगा कोण राखतो, ती कशी झिजते आणि ती टिकवण्यासाठी कोणते ज्ञान व किती श्रम लागतात, हे प्रश्न मागे पडतात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमका हा आक्षेप घेतला. त्यांच्या मते तंत्रज्ञानाचा इतिहास वापराच्या अंगाने लिहिला, तर देखभाल आणि दुरुस्ती त्याच्या केंद्रस्थानी येतात.

या पाठात हा विचार एका साध्या कामाला लावून पाहायचा आहे. ते काम म्हणजे मोटारीचा स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट साफ करून त्याला पॉलिश करणे. ‘स्टेनलेस’ म्हणजे डाग न पडणारे. मग त्याला साफ का करावे लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना या धातूचा बराच इतिहास उलगडतो.

१. नावाआधीचे ज्ञान

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी १७९७ साली क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध लावला. १८२१ साली फ्रान्समधीलच पिएर बेर्तिए यांनी लोखंड व क्रोमियम यांच्या संमिश्रांवर काही आम्लांचा परिणाम कमी होतो, असे नोंदवले. मात्र त्या काळी तयार होणाऱ्या संमिश्रांत कार्बनचे प्रमाण फार असे. असा धातू ठिसूळ होई आणि त्यापासून उपयोगी वस्तू घडवता येत नसे. १८९० च्या दशकात जर्मनीतील हान्स गोल्डश्मिट यांनी कार्बनविरहित क्रोमियम मिळवण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा ही अडचण दूर झाली.

दुसरा धागा वेगळ्याच दिशेने आला. तीव्र नायट्रिक आम्लात बुडवलेले साधे लोखंड विरघळत नाही, उलट ते जणू सुस्त होते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले होते. १८३६ मध्ये शोनबाइन आणि मायकेल फॅरडे यांच्यात या विषयावर पत्रव्यवहार झाला. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनत असावा आणि तोच धातूचे रक्षण करत असावा, असा फॅरडे यांचा तर्क होता. या अवस्थेला ‘निष्क्रियता’ म्हणतात. १९११ साली जर्मनीतील फिलिप मोनार्ट्झ यांनी हे दोन्ही धागे जोडले. पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्क्यांवर गेले की त्याची क्षरणाला तोंड देण्याची क्षमता एकदम वाढते, आणि हे निष्क्रियतेमुळे घडते, असे त्यांनी दाखवले.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की स्टेनलेस स्टील हा गंजाची क्रियाच न जाणणारा धातू नाही. त्यातील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. ओरखडा पडला तर उघड्या जागी पुन्हा ऑक्सिजन पोहोचतो आणि थर भरून येतो. म्हणजे या धातूचे रक्षण एकदाच होऊन संपत नाही, ते सतत चालू असते. त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ असावा लागतो आणि त्याला हवा मिळावी लागते.

२. शेफील्ड, १९१३ : एक कथा आणि अनेक दावेदार

इंग्लंडमधील शेफील्ड हे शतकानुशतके सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तिथल्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेचे प्रमुख हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची आतून होणारी झीज कमी कशी करता येईल, याचा अभ्यास करत होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार करवून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुना आम्लाने कोरावा लागतो. हा नमुना मात्र नेहमीच्या आम्लाला दाद देईना. ब्रिअर्ली सुऱ्या बनवणाऱ्यांच्या शहरात वाढलेले असल्याने त्यांना याचा उपयोग लगेच सुचला. शेफील्डमधील कारागीर अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी या पोलादाची सुरी व्हिनेगरमध्ये तपासून पाहिली आणि ‘स्टेनलेस’ हे नाव रूढ झाले.

भंगाराच्या ढिगात एकच तुकडा चकाकताना दिसला आणि शोध लागला, अशी एक लोकप्रिय दंतकथा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे सावधपणे पाहावे. जर्मनीत क्रुप कंपनीतील एडुआर्ड माउरर आणि बेन्नो श्ट्राउस यांनी १९१२ मध्येच क्रोमियम-निकेलयुक्त पोलादाची पेटंटे मिळवण्यासाठी पावले उचलली होती. अमेरिकेत एलवुड हेन्स यांनीही हाच दावा केला. पुढे १९२४ मध्ये ब्रिअर्ली यांच्यानंतर प्रयोगशाळेची सूत्रे घेतलेल्या डब्ल्यू. एच. हॅटफील्ड यांनी १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले पोलाद पुढे आणले. घरातल्या स्टीलच्या डब्यांवर ‘१८/८’ हा आकडा आजही दिसतो, तो तेथूनच आला. तेव्हा ‘स्टेनलेस स्टीलचा जनक कोण?’ या एका नावाच्या प्रश्नापेक्षा, तीन देशांत जवळपास एकाच वेळी हे का घडले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

एक्झॉस्टशी या धातूचे नाते त्याच्या जन्मापासूनचे आहे. पहिल्या महायुद्धात सुऱ्यांचे काम मागे पडले आणि ब्रिअर्ली यांचे पोलाद विमानांच्या इंजिनातील एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी वापरले गेले. तापलेल्या वायूंच्या वाटेत साधे पोलाद टिकत नव्हते, हे टिकले.

३. शोभेपासून सक्तीपर्यंत : मोटारीतील स्टेनलेस स्टील

मोटारींवर स्टेनलेस स्टील प्रथम आले ते शोभेसाठी. त्याआधी चकाकणाऱ्या भागांवर निकेलचा आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून क्रोमियमचा मुलामा देत. १९३० च्या फोर्ड ‘मॉडेल ए’ मोटारीच्या रेडिएटरचे कवच स्टेनलेस स्टीलचे होते. १९८१ मध्ये आलेल्या डीलोरिअन मोटारीचे तर बाहेरचे सर्व पत्रे रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलचे होते. एक्झॉस्ट पाइप आणि सायलेन्सर मात्र बराच काळ साध्या पोलादाचेच राहिले. ते गंजत, भोके पडत आणि काही वर्षांत बदलावे लागत.

गंज लागण्याचे कारण केवळ बाहेरचा पाऊस नव्हे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. लांबच्या प्रवासात ते बाहेर पडते. पण जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, वाफ आतच थंड होते आणि इंधनातील गंधकापासून बनलेली आम्ले त्या पाण्यात मिसळतात. म्हणून बाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर अनेकदा आतून बाहेर कुजतो.

बदल घडला तो कायद्यामुळे. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. हे उपकरण प्रखर उष्णतेत काम करते, त्यामुळे त्याचे कवच व नळ्या उष्णतेला आणि क्षरणाला तोंड देणाऱ्या हव्या होत्या. सुमारे ११ टक्के क्रोमियम आणि थोडे टायटॅनियम असलेले, महागडे निकेल नसलेले ‘४०९’ प्रतीचे पोलाद या कामी सर्वत्र रूढ झाले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले; १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. एक्झॉस्टची चकाकी आज हौसेची बाब वाटते, पण तो धातू तिथे आला तो शहरांतील हवेच्या प्रश्नामुळे.

४. साफ करताना धातूचे काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिली गोष्ट, सगळे स्टेनलेस स्टील सारखे नसते. गाडीखालच्या ४०९ प्रतीच्या नळ्यांवर तपकिरी थर येतो. तो बहुधा वरवरचा असतो आणि त्याने नळीला लगेच भोक पडत नाही. मागे दिसणारे चकचकीत टोक बहुतेक ‘३०४’ प्रतीचे, म्हणजे १८/८ कुळातले असते. लोहचुंबक ४०९ ला घट्ट चिकटतो, ३०४ ला सहसा चिकटत नाही. तिसरा प्रकार साध्या पोलादावर क्रोमियमचा मुलामा दिलेला, जो अनेक मोटारसायकलींच्या सायलेन्सरवर असतो. मुलामा घासून काढला की खाली गंजणारे लोखंड उघडे पडते, म्हणून त्यावर खरबरीत कागद चालवू नये.

दुसरी गोष्ट, निळा-सोनेरी रंग म्हणजे मळ नव्हे. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्यात प्रकाशकिरणांचे व्यतिकरण होऊन आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळा रंग दिसतो. या थराने क्रोमियम वर ओढून घेतलेले असते, त्यामुळे लगेच खालच्या धातूत ते कमी उरते. नुसता रंग पुसून चालत नाही तो यासाठीच. पॉलिश करताना हा दुबळा थरही निघावा लागतो. गाडी पुन्हा धावली की इंजिनाजवळच्या भागावर रंग परत येतो, हे अटळ आहे.

कामाचा क्रम यावरून आपोआप ठरतो. एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्यावा. सौम्य साबण व भरपूर पाण्याने चिखल, काजळी आणि मीठ काढावे. समुद्राकाठच्या हवेतील क्लोराइड संरक्षक थराला बारीक छिद्रे पाडते, त्यामुळे मुंबई, गोवा, चेन्नई किंवा पुरी येथे हे धुणेच अर्धे काम आहे. मग धातूसाठीचे पॉलिश मऊ कापडाने लावावे. डाग खोल असेल तर आधी बारीक, मग त्याहून बारीक घर्षक कागद, पृष्ठभागावरच्या रेघांच्या दिशेने चालवावा. शेवटी स्वच्छ धुऊन कोरडे करावे. साध्या लोखंडी तारेची घासणी वापरू नये, कारण तिचे कण पृष्ठभागात रुततात, गंजतात आणि दोष मात्र स्टेनलेसला लागतो. ब्लीच किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले संडास साफ करण्याचे द्रावण तर मुळीच नको. कारखान्यांत हा रंग काढण्यासाठी नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांचे मिश्रण वापरतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून शरीरात भिनून जीवघेणे ठरू शकते, म्हणून ते घरी वापरण्याची वस्तू नाही.

५. चकाकीमागचे श्रम

भारतीय घरांत स्टीलची भांडी आली, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याची गरज घटली आणि गल्लीतून फिरणारा कल्हईवाला हळूहळू दिसेनासा झाला. यावरून वाटते, की स्टेनलेसने निगा राखण्याचे श्रम संपवले. प्रत्यक्षात ते श्रम आपल्या नजरेआड गेले.

शेफील्डमध्ये कोरड्या दगडी चाकांवर काटे घासणारे कामगार एकोणिसाव्या शतकात फुफ्फुसांच्या रोगाने तरुणपणीच मरत. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत. चमचे-काट्यांना अखेरची झळाळी देण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे. धूळ व तेल अंगावर उडू नये म्हणून त्या कपड्यांवर तपकिरी कागद गुंडाळत. आज दिल्लीतील वजीरपूरमध्ये पोलादी पत्रे लाटणे, तेजाबात धुणे आणि भांड्यांना पॉलिश करणे ही कामे लहान कारखान्यांत चालतात. २०१४ मध्ये तिथल्या हॉट रोलिंग कामगारांनी वेतन व कामाच्या परिस्थितीसाठी संप केला. मुंबईजवळचे भाईंदर हेही स्टीलच्या भांड्यांच्या उद्योगाचे असेच केंद्र. आणखी मागे गेले, तर क्रोमियम येते कुठून? भारतातील क्रोमाइटचा बहुतांश साठा ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहे, आणि तिथल्या पाण्यात विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम आढळल्याने तो परिसर प्रदूषणासाठी ओळखला जातो. धातूतले क्रोमियम निरुपद्रवी असते, पण त्याचे हे रूप कर्करोगकारक आहे.

समारोप

‘स्टेनलेस’ हे नाव एक आश्वासन देते : आता निगा नको. या धातूचे विज्ञान आणि इतिहास दोन्ही त्याला दुजोरा देत नाहीत. संरक्षक थर टिकतो तो हवा आणि स्वच्छता मिळाली तर. चकाकी येते ती कोणीतरी घासले तर. ज्याच्या गाडीचा एक्झॉस्ट आहे, तो महिन्यातून एकदा सुटीच्या दिवशी हौसेने घासतो. जो चक्राजवळ उभा राहून दिवसभर धातू घासतो, त्याच्या फुफ्फुसांत ती धूळ रोज जाते. एकाच कामाचे हे दोन अर्थ ओळखायला शिकवणे, हे तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासाचे काम आहे.

स्वाध्याय

१. स्टेनलेस स्टीलच्या शोधाचे श्रेय एका व्यक्तीला देणे का अवघड आहे? तीन कारणे द्या.
२. मोटारीच्या एक्झॉस्टमध्ये स्टेनलेस स्टीलचा वापर वाढण्यात कायद्याची भूमिका स्पष्ट करा.
३. ‘निष्क्रियता’ ही संकल्पना सांगून लोखंडी घासणी का टाळावी, हे तिच्या आधारे पटवून द्या.
४. तुमच्या गावातील कल्हईवाला, धार लावणारा किंवा पॉलिश कारागीर यांच्याशी बोलून त्यांच्या कामात गेल्या काही दशकांत झालेल्या बदलांची दोन पानी नोंद तयार करा.