व्हरांड्यात कोणी बसायचं?

नकाशा हातात आला की मी आधी दार शोधतो. फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून माझी सगळी नोकरी गेली. ट्रेसिंग पेपरवर रेघा ओढता ओढता एवढं कळलं, की इमारत दिसते कशी हे एलिव्हेशन सांगतं, पण ती बांधली कुणासाठी हे प्लॅन सांगतो. मालक कुठून आत येणार, नोकर कुठून, आणि पाहुण्याला किती आतपर्यंत येऊ द्यायचं, सगळं रेघांत असतं.

मुंबईच्या क्लबांची गोडी मला या सवयीतूनच लागली. खेळाची म्हणाल तर बेताचीच. नायगावजवळच्या आमच्या जूचंद्रात पोरांना रांगोळीचं वेड. खेळापेक्षा माझाही हात रंगातच जास्त. पण नायगावहून गाडी धरायची आणि चर्चगेटला उतरायचं, हा नोकरीभरचा नेम होता. चर्नी रोड सुटलं की उजव्या हाताला जिमखान्यांची रांग सुरू होते. पारशी, इस्लाम, हिंदू, कॅथलिक. मुंबईची जातवार, धर्मवार वाटणी जमिनीवर इतक्या सरळ रेषेत मांडलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या रांगेची सुरुवात घोड्यांपासून होते. १८७५ साली एस्प्लनेडच्या मैदानावर बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त युरोपियनांसाठी. त्याच मैदानाच्या उरलेल्या भागात पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत. साहेबांनी तिथे पोलो सुरू केला. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या आणि पोरांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमीने पुढे १८९७ साली या भांडणावर पुस्तकच लिहिलं. सरकारने पोलो कायमचा हलवला नाही. त्याऐवजी समुद्राकाठी, केनेडी सी फेसला, एकेका समाजाला वेगळी जागा देण्याची वाट निघाली. पारशी जिमखाना १८८५ मध्ये स्थापन झाला होता, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ चा, कॅथलिक जिमखाना १९१२ चा. तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता. पुढे समुद्र, मागे बीबीसीआय रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे, रूळ आणि मधली पट्टी खेळाला.

जिमखान्याच्या इमारतीची कल्पना साधी. खोल्यांपेक्षा व्हरांडा महत्त्वाचा, आणि त्याचं तोंड मैदानाकडे. उन्हापावसासाठी उतरतं छप्पर, बसायला वेताच्या खुर्च्या. खेळ पाहणारा सावलीत आणि खेळणारा उन्हात. खेळ संपला की खेळणाऱ्यानेही पायऱ्या चढून सावलीत यायचं, एवढंच त्या पायऱ्यांचं काम.

पण पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. गोलंदाज पळवणकर बाळू चांभार समाजातले. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहाच्या सुट्टीत त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मुंबईत आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळले आणि नोकरी केली बीबीसीआय रेल्वेत, म्हणजे ज्या रुळांवरून मी वर्षानुवर्षे गेलो त्याच रेल्वेत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली. मैदान ते पॅव्हेलियन हे चार पावलांचं अंतर कापायला एका घराला पाव शतक लागलं.

भारतातली पहिली कसोटी झाली डिसेंबर १९३३ मध्ये, तीही बॉम्बे जिमखान्यावर. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन, जन्म मुंबईचाच. लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा केल्या आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव घातले होते. कायमची इमारत होती ती क्लबाची, आणि त्या क्लबात भारतीयाला सभासद होता येत नव्हतं. देशाने आपली पहिली कसोटी अशी परक्याच्या ओसरीसमोर पाहिली.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची (सीसीआय) नोंदणी झाली होती, दिल्लीत. आर. ई. ग्रँट गोवन अध्यक्ष आणि अँथनी डिमेलो सचिव. नमुना लंडनच्या एमसीसीचा, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबचा. डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्याकडून बॅकबेच्या भरावाची नव्वद हजार चौरस यार्ड जमीन साडेतेरा रुपये यार्डाने मिळवली. स्टेडियमला नाव ब्रेबर्न यांचंच. नकाशे केले ग्रेगसन, बॅटली आणि किंग या मुंबईच्या नामांकित कंपनीने. १९३६ च्या मेमध्ये पायाभरणी झाली आणि ७ डिसेंबर १९३७ ला उद्घाटन.

ब्रेबर्न स्टेडियम बघताना माझ्यातला ड्राफ्ट्समन खूष होतो. जिमखान्यात मैदानाच्या एका बाजूला इमारत असते; इथे इमारतीनेच मैदानाला कवेत घेतलंय. एका अंगाला क्लबाचं पॅव्हेलियन, बाकी सभोवार प्रेक्षक. आर्ट डेको धाटणी, आडव्या ओळी, नक्षीचा पसारा नाही. लाकडी गेबल आणि उतरत्या छपरांनंतर हे सिमेंट-काँक्रीटचं नवं वळण होतं. रचनाही हुशार. सभासद पोहायला, जेवायला, पत्ते खेळायला वर्षभर येणार आणि कसोटीला सारं शहर येणार. पण याच हुशारीत भांडणाचं बी होतं. शहराचं क्रिकेट खासगी अंगणात भरत होतं आणि तिकिटं किती कुणाला, हे अंगणाचा मालक ठरवणार होता.

तिकिटांवरून सीसीआय आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांची कुरबुर जुनीच. १९७३ च्या इंग्लंड कसोटीनंतर ती विकोपाला गेली. सीसीआयचे अध्यक्ष विजय मर्चंट आणि असोसिएशनचे शेषराव वानखेडे. वानखेडे मूळचे विदर्भाचे आणि तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभारायचं ठरवलं. शशी प्रभू यांनी आराखडा केला, काम तेरा महिन्यांच्या आसपास उरकलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. अभिनंदनाला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी चोपलं आणि नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये दंगल उसळली. ब्रेबर्नवर पुढची कसोटी यायला २००९ साल उजाडलं.

त्यांच्याच नावाचं हे वानखेडे स्टेडियम देखणं नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून म्हणतो. रुळांना चिकटलेली अडचणीची जागा आणि घाईचं काँक्रीट. पण ते ज्या हट्टातून उभं राहिलं तो मला पटतो. गंमत पुढेच आहे. क्लबाशी भांडून बांधलेल्या त्या स्टेडियमच्या आवारातही गरवारे क्लब हाउस आलंच. सभासद, कार्ड, पाहुण्यांची नोंदवही, सगळं नेमकं तसंच. दार बदललं तरी दारवान राहिला.

म्हणून माझं मत असं, की या इमारती जपायच्याच, पण त्या फक्त दगड-लाकडाचा वारसा म्हणून नव्हे. पोलोवाल्यांशी भांडलेली पोरं, बाहेर चहा घेणारे बाळू आणि मांडवात बसून अमरनाथला पाहणारी मुंबई, हाही त्यांचा इतिहास आहे. मरीन लाइन्सच्या जिमखान्यांच्या जमिनी सरकारने खेळासाठी भाड्याने दिलेल्या आहेत. वर्षातून एक दिवस तिथले व्हरांडे शाळेच्या पोरांना आणि सामान्य माणसाला उघडे करावेत. नायगाव-विरारची पोरं रोज या इमारती खिडकीतून बघतात. एकदा त्यांना त्या पायऱ्याही चढू द्या.