खोपोलीचं पाणी

बोरघाट चढण्याआधी खोपोलीला थांबायचं, हा रिवाज मोटारींच्या कितीतरी आधीचा. पेशवाईत कोकणातून देशावर माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून. घाटाच्या तोंडाशी नाना फडणवीसांनी मोठा तलाव बांधला, शेजारी महादेवाचं देऊळ उभं केलं. पुढे १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, चाकाची वाहनं जातील असा रस्ता घाटातून झाला. बैलांचे तांडे गेले, मोटारी आल्या. पाणी सगळ्यांनाच लागायचं.

आमच्या फियाटला जरा जास्तच. दर मे महिन्यात आम्ही दादरहून पुण्याला आजोळी निघायचो. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे आई-बाबांच्या मधे बंड्याची सोय व्हायची. त्याला गाडी लागायची. मागे ताई, मी आणि पाय ठेवायला जागा न सोडणारी आंब्याची पेटी. वाशीच्या पुलावर बाबांचं एकच पालुपद: १९७३ मध्ये हा पूल होण्याआधी ठाणे, मुंब्रा, शीळफाटा असा वळसा घालून पनवेल गाठावं लागे, तुम्ही पोरं फार सुखात आहात! आम्हाला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. आमचं भांडण दरीकडच्या खिडकीवरून. ताई दटावून ती बळकवायची. पण घाटात दरी वळणावळणाला बाजू बदलते, म्हणून तिचा विजय पुढच्या वळणापुरताच टिकायचा.

घाटात गाडी तापते ती का, हे बाबांनी बॉनेट उघडून शिकवलं होतं. चढणीला पहिला-दुसरा गिअर, म्हणजे इंजिन जिवाच्या आकांताने फिरतंय आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. रेडिएटरवर वारा येणार कुठून? मग काटा लाल रेघेकडे सरकायचा, रबराचा करपट वास यायचा आणि बाबा गाडी कडेला घ्यायचे. ताई आणि मी उतरून मागच्या चाकांना दगड लावायचो. झाकणाला लगेच हात लावायचा नाही. इंजिन जरा निवलं की ओलं फडकं टाकून झाकण अर्धा आटा फिरवायचं, फस्सकन वाफ जाऊ द्यायची, मग पाणी अगदी बारीक धारेनं ओतायचं. तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकतं. खोपोलीला भरून घेतलेला पत्र्याचा डबा अशा वेळी कामी यायचा. ज्यांच्याकडे डबा नसे, त्यांच्याकडे पाहून आई हळहळायची आणि आमच्यातलं अर्धं पाणी देऊन टाकायची.

थांबलं की डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजकेंद्राचे जाडजूड नळ दिसायचे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी त्यातून खोपोलीत कोसळतं आणि १९१५ पासून त्यावर वीज होते. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. एवढं पाणी शेजारून धो धो खाली जातंय आणि आपण डब्यातलं पुरवून पुरवून वापरतोय, हे बंड्याला अन्यायाचं वाटे.

पुढे शिंगरोबाचं देऊळ. सांगतात की या शिंगरोबा धनगराने साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि बक्षीस काय हवं म्हणताच माझ्या मुलखाला स्वातंत्र्य द्या म्हणाला. साहेबाने त्याला गोळी घातली. कथा खरी की रचलेली, कोण जाणे. पण माल्कमच्या नावाने कुणा ट्रकवाल्याने कधी नाणं टाकलं नाही, शिंगरोबाला मात्र सगळेच टाकायचे. आमच्या गाडीतून ते कुणी टाकायचं यावर पुन्हा जुंपायची.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खोपोली गाव वगळून गाड्या वर जाऊ लागल्या. नव्या गाड्या तशाही तापत नाहीत. त्याबद्दल गळा काढायला मी तयार नाही. भर दुपारी घाटात ताटकळणं ज्यांनी भोगलंय, त्यांना त्यात काव्य दिसत नाही.

खंडाळ्याच्या अमृतांजन पुलाची गोष्ट वेगळी. डोकेदुखीच्या बामची जाहिरात झळकली म्हणून इंग्रजांच्या काळातल्या दगडी पुलाला ते नाव कायमचं चिकटलं. वाहतुकीला अडचण म्हणून एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना, तो सुरुंग लावून पाडला. त्याचा व्हिडिओ ताईने भावंडांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बंड्या, तुझं ओकायचं ठिकाण गेलं.’ बंड्याचं उत्तर लगेच आलं: पुलापर्यंत कधी पोचलोच नव्हतो, शिंगरोबापाशीच सगळं उरकायचं, आणि तेही ताईच्या नव्या फ्रॉकवर.